भीमाशंकरचा पाऊस आणि आमची गळकी गाडी

गळक्या छपराखाली कधी रात्र काढलीय का तुम्ही? टप्... टप्... टप्... आधी गंमत वाटते. मग आई पातेलं आणून ठेवते आणि आवाज बदलतो. थोड्या वेळानं दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा थेंब सुरू होतो, आणि बघता बघता घरातली भांडी संपत येतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते. एका पावसाळ्यात वर्गात तीन बादल्या मांडून मी पाढे घेतलेत. मुलं थेंबांच्या तालावर पाढे म्हणायची, तेवढाच फायदा!

पण छप्परच जर चार चाकांवर असेल तर? आणि ते घेऊन तुम्ही भर जुलैत भीमाशंकरला गेलात तर? आम्ही गेलो होतो. त्याचीच ही हकीकत.

माझे मामा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. हातात पाना नसला की त्यांना करमत नाही. त्यांनी एक जुनी मिनीबस विकत घेतली, मागच्या सीटा काढून दोन बाकं बसवली, एक छोटा ओटा केला, पाण्याची टाकी ठेवली. असे बदल करायला परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. त्यासाठीही मामांनी बऱ्याच खेपा घातल्या. अशा फिरत्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. पण मामांनी हे सगळं केलं ते पर्यटनासाठी नाही, आजीसाठी.

माझी आजी वारकरी. वर्षानुवर्षं पायी पंढरपूरला गेलेली. त्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि वारी चुकली. एकादशीला ती दिवसभर गप्प होती. संध्याकाळी म्हणाली, "सासर झालं बघून. आता एकदा माहेर दाखवा."

कुणाचं माहेर? चंद्रभागेचं! पंढरपूरला नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथं तिला चंद्रभागा म्हणतात, पण ती नदी भीमाच. आणि भीमेचा उगम भीमाशंकरला. आजीला एसटीत फार वेळ बसवत नाही, मधेच आडवं व्हावं लागतं. म्हणून ही गाडी.

मंचरहून भीमाशंकर साठ-पासष्ट किलोमीटर. मंचरला जेमतेम भुरभुर होती. घोडेगाव आलं तसा पाऊस वाढला. घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. मग आंबेगाव कुठंय? ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव देणारं गाव नकाशात धरणाच्या निळ्या रंगाखाली आहे, विचार करा! धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय. तेही याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढं ते आडवे झाले आणि तिच्याखाली त्यांचा जीव गेला.

धरणाच्या भिंतीजवळ मामांनी गाडी हळू केली. "माळीण तिकडं आत," एवढंच म्हणाले. ३० जुलै २०१४ ला सकाळी पावसानं भिजलेला डोंगर माळीण गावावर कोसळला. १५१ माणसं गेली. ही बातमी बाहेर आली ती एका एसटीच्या चालकामुळं. तो नेहमीप्रमाणं बस घेऊन गेला तर समोर गावच दिसेना, चिखलच चिखल. त्यानं परत फिरून खबर दिली. मामा एसटीतले, त्यामुळं ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलतो. आजीनं पाण्याच्या दिशेनं हात जोडले. बराच वेळ कुणीच बोललं नाही.

पुढं घाट लागला आणि धुकं असं उतरलं की दहा पावलांवरचं दिसेना. मामांनी टपाचे दिवे लावले. मोठ्या गाड्यांच्या टपाच्या काठाला पुढं नि मागं छोटे दिवे असतात, पाहिलेत ना? गाडी किती उंच नि किती रुंद आहे ते समोरच्याला कळावं म्हणून ते लावतात. आमच्या गाडीला पुढं दोन, मागं दोन लाल, आणि दाराच्या वर मामांनी हौसेनं बसवलेला एक पांढरा. एकूण पाच. या पाचांना लक्षात ठेवा.

अभयारण्यात रात्री थांबता येत नाही. त्यामुळं आम्ही अलीकडच्या एका वाडीत मुक्काम केला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं घर तिथं आहे. त्याच्या आजोबांना सगळी वाडी आबा म्हणते. घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं, वर पत्रे. अंगणात गाडी लावली. मावशींनी, म्हणजे त्या मुलाच्या आजींनी, नाचणीच्या गरम भाकरी दिल्या. झोपलो.

रात्री अकराच्या सुमाराला आजीचा आवाज आला, "अगं, चंद्रभागाच आली की भेटायला!"

तिच्या उशीवर थेंब पडत होता. अगदी कपाळावर, अभिषेक केल्यासारखा. आजीला हसू येत होतं. मामांना अजिबात येत नव्हतं. त्यांनी बॅटरी मारली. उशीच्या बरोबर वर, दोन हातांवर, हवेसाठी केलेली टपाची खिडकी होती. "हीच!" असं म्हणून मामा पावसात बाहेर गेले, खिडकीवर प्लॅस्टिक टाकून दोरीनं आवळून आले. चिंब भिजले. थेंब चालूच. दोन सेकंदांना एक.

चला, गणित करू. एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब मावतात. दोन सेकंदांना एक थेंब म्हणजे तासाला अठराशे थेंब, म्हणजे ९० मिलिलिटर. आठ तासांची झोप धरली तर ७२० मिलिलिटर. पाऊण लिटरला थोडं कमी! आणि वरून किती पडत होतं? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की तो बरोबर एक लिटर भरतो. आमचा टप पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, म्हणजे दहा चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस इथं जुलैत नवलाचा नाही. म्हणजे एका दिवसात टपावर हजार लिटर पाणी. भीमाशंकरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ते किती लिटर होतात, तुम्हीच काढा. तेवढ्या पाण्यातून आजीच्या कपाळावर आलं ते पाऊण लिटर. तसं पाहिलं तर मामांची गाडी चांगलीच होती. पण हे त्या वेळी त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

मावशी कंदील घेऊन आल्या. त्यांनी काही न बोलता सुतळीचा तुकडा घेतला, थेंब सुटत होता तिथं फटीत एक टोक खोचलं, दुसरं बादलीत सोडलं. थेंब सुतळीवरून गुपचूप खाली उतरू लागला. आवाज बंद! आजी कूस बदलून दुसऱ्या बाजूला सरकली. मामांनी मात्र दिव्यांचा फ्यूज काढून ठेवला, कारण पाणी आणि विजेच्या तारा एकत्र आल्या की खेळ वाईट.

त्यामुळं सगळीकडं मिट्ट काळोख झाला, आणि म्हणूनच ते दिसलं. अंगणाच्या कडेला कुजलेल्या ओंडक्यावर हिरवट, फिकट उजेड. चंद्र नव्हता, काजवेही नव्हते. ती बुरशी होती! पावसाळ्यात भीमाशंकरच्या, आहुप्याच्या जंगलात कुजक्या लाकडावर अशी चमकणारी बुरशी उगवते. दिवे चालू असते तर आम्हाला ती कधीच दिसली नसती. आजीनं दारातून मान बाहेर काढून पाहिलं. मग तिनं मामांना हाक मारली, "अरे, तू फ्यूज काढलास ते बरं केलंस."

सकाळी पाऊस तसाच. आबा इरलं पांघरून आले. इरलं म्हणजे बांबूच्या कांबट्या आणि पानांचं पाठीवर घ्यायचं छप्पर. लावणी करताना दोन्ही हात मोकळे राहतात. आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टपाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, पानी पडतं तिथनंच शिरलंय असं न्हाई. शिरतं एकीकडं, निघतं एकीकडं."

मग आम्ही तपास सुरू केला. मामांनी आतलं प्लायवूडचं अस्तर स्क्रू काढून सोडवलं. माझ्या पिशवीत काय असणार? खडू! दिव्यांच्या, खिडकीच्या, कडांच्या आतल्या बाजूला पत्रा कोरडा पुसून आम्ही सगळीकडं खडू घासला, आणि चहा प्यायला बसलो. अर्ध्या तासानं पाहिलं. खिडकीभोवतीचा खडू जशास तसा. मागच्या डाव्या लाल दिव्याखाली मात्र खडू धुऊन गेला होता, आणि तिथून निघालेल्या तारेवर थेंबांची माळ चालली होती, मुंग्यांच्या रांगेसारखी एकामागून एक. तार पुढं जाता जाता मधे थोडी खाली लोंबली होती. तिथं आल्यावर थेंबाला पुढं चढ लागतो. तो चढत नाही, सुटून पडतो. आणि ती लोंबलेली जागा बरोबर आजीच्या उशीवर! दिवा तिथून चांगला चार फूट लांब.

पण दिव्यातून पाणी आत आलं कसं? मामांनी तर दोन वर्षांपूर्वी त्याच्याभोवती गोल सिलिकॉन फासलं होतं. गंमत तिथंच आहे. सिलिकॉन वरच्या बाजूला उन्हानं सुटून केसाएवढी भेग पडली होती. अशा बारीक भेगेत पाणी आपोआप ओढलं जातं. दोन काचपट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यांची कड पाण्यात बुडवून बघा, पाणी वर चढतं. त्याला केशाकर्षण म्हणतात. शिवाय दिवा पेटला की आतली हवा तापून फुगते. तो विझला आणि वरून गार पाऊस पडला की हवा आकसते आणि भेगेतलं पाणी आत ओढून घेते. घाटभर आम्ही दिवे लावून आलो होतो आणि अंगणात विझवले होते! म्हणजे पाणी आत आलं वरून. आता बाहेर जायला पाहिजे खालून. पण खालची बाजू मामांनी सिलिकॉननं गच्च बंद केलेली. मग ते दिव्याच्या पोटात साठलं, तारेच्या भोकापर्यंत चढलं आणि तारेवरून प्रवासाला निघालं.

आबा मामांना म्हणाले, "तुम्ही त्याची भाईर जायची वाटच बुजवली की."

त्यांनी आपल्या घराचे पत्रे दाखवले. पन्हळी पत्र्याला खिळा किंवा हुक मारतात तो उंचवट्यावर, खोलगटात नाही. पाणी खोलगटातून वाहतं, मग त्याच्या वाटेत भोक कशाला? भोकावर डांबरी वायसर असतो तो वेगळाच. मामांनी मान हलवली. तीस वर्षं पाना चालवलेला माणूस, पण ऐकून घेतलं. मला ते आवडलं.

भर पावसात पक्की दुरुस्ती होत नाही, कारण ओल्या पत्र्यावर काहीच धरत नाही. म्हणून मामांनी गाडी फिरवून अशी लावली की मागची डावी बाजू उंच राहावी आणि पाणी दिव्यापासून लांब जावं. आणि आबांनी काय केलं? स्वतःचं एक जुनं इरलं आणून गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोरीनं बांधलं! इरलं पांघरलेली मिनीबस पाहायला वाडीतली सगळी पोरं जमली. थेंब थांबला.

इरलं तिथंच ठेवून आम्ही देवळाकडं गेलो. देऊळ खेड तालुक्यात मोडतं, रस्ता मात्र आंबेगावातून जातो. खाली पुष्कळ पायऱ्या उतराव्या लागतात. आजीसाठी डोली केली. डोलीवाले धुक्यात झपाझप दिसेनासे झाले आणि आम्ही मागून धापा टाकत! देवळापाशी एक मोठी घंटा आहे, पोर्तुगीज बनावटीची. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हाची ती घंटा असं सांगतात. शेकरू काही दिसलं नाही. त्याच्यासाठीच १९८५ साली हे अभयारण्य झालं, आणि हा तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी आपला राज्यप्राणी आहे. पण एवढ्या पावसात तोही घरट्यात असणार. उंच झाडांवर त्याची काटक्यांची नि पानांची घरटी मात्र दिसली. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. एक गळलं तर दुसरं तयार, असं मामा म्हणाले. त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

गुप्त भीमाशंकरपर्यंत आजीला चालणं शक्य नव्हतं. ती पायऱ्यांच्या कडेनं वाहणाऱ्या पाण्यात हात घालून बराच वेळ उभी राहिली. मग तो ओला हात डोळ्यांना लावला. आम्ही घाई केली नाही.

खरी दुरुस्ती झाली दिवाळीच्या सुट्टीत, कडक ऊन पडल्यावर. टपावर मामा, खाली मी सामान द्यायला. (तुम्हीही खालीच राहायचं, शिडीवर आणि तारांच्या कामाला मोठ्यांनीच हात घालायचा.) आधी बॅटरीची तार सोडली. मग कुठली तार कुठं जाते त्याचं चित्र मी वहीत काढून घेतलं. दिवा उघडला तर आतली रबरी गादी शिळ्या पापडासारखी तुटली. पितळी पट्ट्यांवर हिरवा थर. पत्र्याच्या भोकाला गंज, आणि तारेभोवती रबराची कडी नव्हतीच. उघडा पत्रा तार कापत बसलेला. पावसापेक्षा हे जास्त भयंकर होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला जुनं सिलिकॉन काढायला. त्याचा पातळसा थर राहिला तरी त्याच्यावर नवं काही चिकटत नाही. मामांनी बाद झालेल्या एटीएम कार्डानं ते खरवडलं. पुन्हा तेच सिलिकॉन आणू का, असं मी विचारलं, तर मामांनी मला ट्यूबचा वास घ्यायला लावला. व्हिनेगरसारखा आंबट! तसल्या सिलिकॉनमधून सुकताना आम्ल सुटतं, ते पत्रा आणि तारा दोन्ही खातं. मग गंज घासला, स्पिरिटनं पुसलं, गंजरोधक प्रायमर लावला, एक दिवस सुकू दिला.

दुसऱ्या दिवशी भोकात रबरी कडी बसवली. दिव्याच्या बैठकीखाली ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी लावली. ही पट्टी वर्षानुवर्षं मऊ राहते, गाडी हादरली तरी तडकत नाही. तार भोकात शिरण्याआधी तिला खाली छोटा झोळ दिला. असा झोळ तुमच्या घरीही असेल. खांबावरून घरात येणारी विजेची तार भिंतीत शिरण्याआधी थोडी खाली लोंबते, ती याचसाठी. थेंब झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतो, घरात शिरत नाही. नवे न गंजणारे स्क्रू एक इकडचा, एक तिकडचा असे थोडे थोडे आवळले, म्हणजे पट्टी सगळीकडं सारखी दबते. शेवटी वरून आणि दोन्ही बाजूंनी पॉलियुरेथेनचा सीलंट. आणि खालची कड?

"उघडी," मामा म्हणाले. "आबांची आज्ञा."

मग परीक्षा. मी आत बॅटरी आणि खडू घेऊन, मामा बाहेर पाण्याची नळी घेऊन. नळी आधी दिव्याच्या खाली धरायची, पाच मिनिटांनी बाजूला, शेवटी वर. एकदम वरूनच पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. आत कोरडं ठक्क! तसेच चारही टपाचे दिवे करून झाले. पाचवा, दाराच्या वरचा पांढरा, मामांनी सोडून दिला. "हा नवा आहे, कधी गळला नाही," म्हणाले. शिवाय पट्टी संपली होती.

पुढच्या जुलैत, २०२३ साली, आम्ही पुन्हा त्याच अंगणात गाडी लावली. आबांचं इरलं परत द्यायचं होतं. रात्रभर पाऊस कोसळत होता. मामा दर तासाला उठून आजीच्या उशीवरच्या अस्तरावरून हात फिरवत होते. आजी शेवटी वैतागली, "अरे, पावसानं नाही, तुझ्यामुळं जाग येतेय मला."

पहाटे आबा चौकशीला आले. मामांनी ऐटीत दार उघडलं आणि पाय बाहेर ठेवणार, तोच दाराच्या वरच्या पांढऱ्या दिव्याच्या आतून एक गार थेंब बरोबर त्यांच्या टकलावर पडला.

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी हातातलं इरलं पुन्हा मामांकडं सरकवलं.